शेवटची वडी कोण खाणार?

...नाही, पण मला एक सांगा, माणसाला विमान उडवायला नोकरीवर ठेवायचं असेल तर तुम्ही त्याला काय विचाराल? साधा प्रश्न आहे. विमानाबद्दलच विचाराल ना? इंजिन बंद पडलं तर काय करशील, धुक्यात कसं उतरवशील, धावपट्टी दिसत नसेल तर काय... काहीतरी! अहो, निदान "विमान चालवता येतं का रे तुला?" एवढं तरी! छे! तुम्हाला सांगतो, दोन दिवस, सबंध शनिवार आणि सबंध रविवार, मी त्या मिनेसोटाच्या थंडीत त्या राखीव दलाच्या हँगरमध्ये बसलो होतो. मी! मेजर डेल कॉफील्ड, बारा वर्षं लष्कराचं मालवाहू विमान उडवलेला माणूस! आणि त्या लोकांनी मला काय विचारावं? "दारातला बर्फ कशाने उपसतोस?" हे विचारलं! विमानाचं? नाव नाही!

राखीव दल म्हणजे काय ठाऊक आहे ना तुम्हाला? आठवडाभर दातांचा डॉक्टर असा, गायींचा मालक असा, विम्याचा एजंट असा, काय वाट्टेल ते असा, आणि महिन्यातून एकदा शनिवार-रविवार गणवेश चढवा की झालात सैनिक! आम्ही पूर्णवेळवाले त्यांना काय म्हणायचो ते इथे पोरंबाळं बसलीयत म्हणून सांगत नाही. आम्ही वादळात उडायचो, खाली कोणी गोळ्या झाडतंय, वर कोणी रेडिओवर बोंबलतंय, मध्ये आम्ही... आणि हे? हे ऊन पडलं तर उडायचे! असं आम्ही म्हणायचो, हं. आम्ही म्हणजे मीच जास्त.

मग गेलास कशाला मरायला, असं विचाराल. बरोबर आहे, विचाराच.

मॅरिटसाठी गेलो. माझी बायको. गुरांची डॉक्टर आहे. बारा वर्षं माझ्यामागून या तळावरून त्या तळावर फिरली, आणि दर ठिकाणी दुसऱ्याच्या दवाखान्यात कुत्र्यांची नखं कापत बसली. का? तर तिचं नाव गावाला कळेपर्यंत आमचं सामान पुन्हा ट्रकमध्ये! मागच्या वर्षी तिने माहेरच्या गावात, इथे पार उत्तरेला मिनेसोटात, स्वतःचा दवाखाना टाकला आणि मला फोनवर सांगितलं, आवाज न चढवता, कारण तिच्या माणसांत आवाज चढवत नाहीत... "डेल, मी काही आता इथून हलायची नाही. तू आलास तर बरं वाटेल." बरं वाटेल! तुम्हाला सांगतो, मी टेक्सासचा. आमच्याकडच्या बाईने ताट फेकून मारलं असतं आणि मला कळलं असतं की प्रकरण हातघाईवर आलंय. ही म्हणते बरं वाटेल! आणि आमची सिग्ने, एवढीशी पोर, नव्या घरात स्वतःच्या खोलीच्या भिंतीला खिळा मारू देईना. "कशाला बाबा? परत काढावाच लागतो." दिली पूर्णवेळची नोकरी सोडून! पण मला उडवण्यापलीकडे येतं काय? साधा खिळा सरळ मारता येत नाही. आणि सासुरवाडीच्या आसपास लष्कराची विमानं असलेली तुकडी एकच, ही राखीववाल्यांची, आणि त्या तुकडीत रोज कामाला जाऊन रोज संध्याकाळी घरी यायची अशी जागाही एकच. ती हुकली की पुढची जागा थेट देशाच्या टोकाला, समुद्राकाठी. म्हणजे पुन्हा मी तिकडे आणि बायको-पोर इकडे. कळलं आता? नाहीतर मी? यांच्या दारात? हात जोडून? नाव काढू नका!

बरं, तुकडीचा प्रमुख कोण, तर लेफ्टनंट कर्नल कर्ट स्वेन्सरुड. त्याला फोन लावला. म्हटलं, "सर, मुलाखत किती वाजता?" पलीकडून बराच वेळ नुसता श्वास. मग... "हं. ये की. शनिवारी असतोच आम्ही इथे. सहज ये." सहज! लष्करात "सहज" हा शब्द असतो का हो? आम्हाला शिंकायचं असलं तरी वरून मंजुरी लागायची! मी म्हटलं, डेल, हा सापळा आहे. सहज ये म्हणतात आणि कोण कसा चोख येतो ते बघतात. मग मी काय केलं? निळा सूट, छातीवर झाडून सगळी पदकं, बूट असे की त्यात बघून दाढी करावी, आणि काखेत ही जाडजूड फाईल! उड्डाणाचे तास, वरिष्ठांचे शेरे, प्रशस्तिपत्रकं, आणि सगळ्यात वर एक रंगीत आलेख. माझा स्वतःचा. मीच काढलेला. चढता!

दार उघडलं. आत काय असावं? मला वाटलं मी चुकून कोणाच्या बारशाला आलो. भिंतीला रांगेने विजेची पातेली, सगळ्यांत काही ना काही रटरटतंय. एक जण मासे धरायच्या गळाचा गुंता सोडवतोय, दोघं पत्ते कुटतायत, एक जण चौकटीचा लोकरी शर्ट घालून उभा... तोच कर्नल! मी टाच आपटून असा कडक सॅल्यूट ठोकला की छतावरची कबुतरं उडाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघतायत, बघतायत... शेवटी एक बाई, पांढऱ्या केसांच्या, हळूच म्हणाल्या, "अगंबाई, छान दिसतोस हो. इथून पुढे लग्नाला जायचंय का?"

या डार्लीनबाई होवडे. मास्टर सार्जंट. विमानाच्या पोटात कुठला ट्रक कुठे उभा करायचा, किती साखळ्या बांधायच्या, हे सगळं यांच्या हातात. बाईंच्या शब्दाशिवाय त्या तुकडीत विमान काय, बिस्किट हलत नाही, पण हे मला तेव्हा कुठे माहीत? मागून कोणीतरी पुटपुटलं, "वेगळंच आहे हं." झालं! माझा निकाल लागला. कारण हे "वेगळंच आहे" मी आधी एकदा ऐकलेलं. सासुरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा हौसेने टेक्सासच्या पद्धतीचं लालभडक मटण रांधलं. सासरे, आर्विड, एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला, म्हणाले, "वेगळंच आहे." उरलेलं कुत्र्याने हुंगून सोडून दिलं. या मुलखात याहून घाण शिवी नाही, तुम्हाला सांगतो!

तेवढ्यात डार्लीनबाई म्हणाल्या, "कॉफी घेणार?" मी म्हटलं, "हो." संपलं! बाई दचकल्या! का? अहो, इथे पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "उगीच कशाला त्रास". तिसऱ्यांदा, "उरलीच असेल तर, अर्धा कप, तळाची असली तरी चालेल." हे मॅरिटने मला लग्नाआधीपासून शिकवलंय, पण ऐन वेळी सैन्याची सवय आडवी आली. विचारलं, उत्तर दिलं. हो म्हणजे हो! बाईंनी कप दिला, पण असा दिला जसा चोराला द्यावा.

म्हटलं जाऊ दे, कॉफी गेली खड्ड्यात, कागद बोलतील. फाईल कर्नलच्या पुढ्यात ठेवली. आलेख नेमका वर. कर्नलने बघितलं, मान हलवली, म्हणाला, "अरे वा, बरं झालं," आणि ओव्हनमधून काढलेलं एक सणसणीत तापलेलं भांडं उचलून माझ्या फाईलवर ठेवलं! टेबलाला डाग पडायला नको ना! हॉटडिश म्हणतात त्याला. खाली खिमा, मध्ये डब्यातलं घट्ट सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांची फरशी. माझी बारा वर्षं, माझा चढता आलेख, माझी पदकं, सगळं त्या बटाट्याच्या खाली! आणि वर विचारतो काय, "वाढू का थोडं?" मी या वेळी शहाणा झालेलो. म्हटलं, "नको." तर पठ्ठ्याने पुन्हा विचारलंच नाही!

शनिवारभर हेच. सगळे येऊन बसायचे आणि विचारायचे. बर्फ कशाने उपसतोस, फावड्याने का मशीनने? मशीन कुठल्या कंपनीचं? गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसतोस का? किती वेळ न बोलता बसू शकतोस? मी म्हटलं, न बोलता? कशाला? तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासरे कोण? आर्विड? कुठले आर्विड? ज्यांनी निगार्डच्या काकाचा ट्रक तळ्यातून ओढून काढला ते? तेच! मग माझं तोंडसुद्धा न बघता अर्धा तास त्या ट्रकवर चर्चा. कर्नल म्हणाला, "आर्विडना फोन केला होता तुझ्याबद्दल विचारायला." मी कान टवकारले. "काय म्हणाले?" कर्नलने विचार करून सांगितलं, "म्हणाले, बोलतो जरा." बघा! माझ्याबद्दल बारा वर्षं जनरल लोकांनी पानंच्या पानं लिहिली, आणि यांनी चौकशी कोणाकडे केली? सासऱ्याकडे! आणि विमानाचं? नाव नाही!

मग मीच विषय काढला. का नाही काढायचा? त्या ट्रकवाल्या काकाचा पुतण्या, टॉड निगार्ड म्हणून एक जण शेजारी बसलेला, दातांचा डॉक्टर, महिन्यातले दोन दिवस वैमानिक. त्याला म्हटलं, ऐक. एकदा वाळवंटात आम्ही उतरत होतो, धुळीचं वादळ असं की काचेपलीकडे विमानाचं नाक दिसेना, उजवीकडचं एक इंजिन पेटलेलं, मागे जखमी माणसं... मी थांबलो. म्हटलं आता हा तोंडात बोट घालेल. टॉडने बराच विचार केला. म्हणाला, "अरेरे. धूळ वाईटच." मी म्हटलं, "हो ना!" तर म्हणतो, "पण कोरडी तरी होती." कोरडी! इंजिन पेटलंय माझं, आणि हा... इथे जानेवारीत ओला बर्फ पंखांवर बसला की कसं होतं, ते मला समजावून सांगायला लागला. दातांचा डॉक्टर! मला!

रात्री घरी आलो. मॅरिटने विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, "मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं गं. हे कौतुक करतायत का हाकलतायत तेच कळत नाही." तिने माझे बूट कागदावर नीट ठेवले आणि म्हणाली, "उद्या तो सूट घालू नकोस."

रविवारी खरी मुलाखत. बंद खोली, एक टेबल, पलीकडे तिघं: कर्नल, टॉड आणि डार्लीनबाई. म्हटलं, आता! आता मुखवटे गळणार. कालचं सगळं नाटक होतं, आता खरे प्रश्न येणार. मी पाठ ताठ करून बसलो. कर्नलने घसा खाकरला, कागद पुढे ओढला, आणि विचारलं, "लांबच्या प्रवासात शेजारचा घोरत असेल तर तू काय करतोस?" टॉडने विचारलं, "एखादा माणूस चुकतोय असं दिसलं तर त्याला वाईट न वाटता कसं सांगशील?" मी म्हटलं, "सांगीन, चुकतोयस." टॉडचा चेहरा असा पडला, जसं मी त्याच्या आईचं नाव घेतलं. आणि डार्लीनबाई? बाईंनी विचारलंच नाही काही. त्यांनी पसरट डबा पुढे सरकवला. आत वड्या. रुबार्ब म्हणून इकडे एक लाल आंबट देठ उगवतो, तो साखरेत शिजवून त्याच्या वड्या थापतात. बाईंच्या हातच्या. तुम्हाला सांगतो, मी चिडलेलो होतो, पण वडी एक नंबर! खाल्ली. सगळ्यांनी खाल्ली. डब्यात उरली एक.

आता नीट ऐका, कारण इथेच माझं वाटोळं झालं.

ती एक वडी कोणी घेईना. सगळे तिच्याकडे बघतायत, पण घेईना. मग कर्नलने सुरी घेतली आणि तिचा अर्धा भाग कापून घेतला. अर्धा ठेवला. प्रश्न चालूच, हं! "कुत्रा पाळणार का?" वगैरे. थोड्या वेळाने टॉडने त्या अर्ध्याचा अर्धा घेतला. उरलेला ठेवला. मग बाईंनी त्याचा अर्धा. मग पुन्हा कर्नलने त्याचा... अहो, सुरीने! मन लावून! जसं काही हिऱ्याला पैलू पाडतायत! तीन धडधाकट माणसं, सरकारी विमानं ज्यांच्या ताब्यात आहेत अशी, आणि एक वडी यांच्याच्याने संपेना! शेवटी डब्याच्या कोपऱ्यात सुपारीएवढं खांड राहिलं. टॉडने सुरी उचलली, त्या सुपारीचं काय करावं या विचारात तसाच थांबला. मला सहन होईना. लष्कराने मला बारा वर्षं एकच गोष्ट शिकवली: हाती घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही. मी हात पुढे केला, ती सुपारी उचलली आणि तोंडात टाकली.

टॉडची सुरी हवेत तशीच. कर्नल डब्याकडे बघतोय, डब्यात काही नाही. आणि डार्लीनबाईंनी सावकाश झाकण लावलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि म्हणाल्या, "...संपली एकदाची."

चढ नाही, उतार नाही. सपाट! "संपली एकदाची." कोण? वडी? का मी?

आणि त्यांचा नियम काय, की माणूस घ्यायचा तर तुकडीतल्या प्रत्येकाचा होकार लागतो. एकाचा नकार आला तरी वाट धरायची. मला बाहेर बसवलं. आत सगळे गेले. मी काय ऐकायचा प्रयत्न केला नसेल! पण ही माणसं भांडतानासुद्धा कुजबुजतात. शेवटी दार उघडलं, कर्नल बाहेर आला, खुर्चीवर टेकला, दोन्ही मांड्यांवर थाप मारली आणि म्हणाला, "चला तर मग."

आता "चला तर मग" म्हणजे काय? तुम्हीच सांगा! आमच्याकडे त्याचा एकच अर्थ. उठा, निघा. मी उठलो, हात मिळवला, डार्लीनबाईंना मान लववली, गाडीत बसलो, निघालो. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. आणि रस्ताभर जी तोंडाची टकळी सोडली... गाडीत कोणी नव्हतं म्हणून बरं. म्हटलं, खड्ड्यात जा! शनिवार-रविवारचे शिपाई कुठले! वडी कापणारे! एका सुपारीपायी माझं घर मोडलंत! मग पुढे पुढे शिव्या संपल्या. नुसता रस्ता आणि दोन्हीकडे बर्फ. मॅरिटला काय सांगू? सिग्नेला काय सांगू? पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि केला फोन.

"काय म्हणाले?" मॅरिट.

"'चला तर मग' म्हणाले."

"मग?"

"मग काय? निघालो."

पलीकडून हळूच, "निघालास म्हणजे... खुर्चीतून उठलास?"

"गाडीत आहे मी! अर्ध्या वाटेत!"

"डेल." आता मात्र तिचा आवाज चढला. माझ्या संसारात पहिल्यांदा! "दारात नाही थांबलास?"

"नाही."

"अंगणात?"

"अगं, कशाला?"

"गाडीपाशी? काच खाली करून?"

"मॅरिट, ते 'चला' म्हणाले!"

"ते 'चला' म्हणजे आता बोलायला सुरुवात करू या असं असतं! अरे, आमच्याकडे गाडीची काच खाली झाल्याशिवाय कोणी कामाचं बोलतं का? माझ्या बाबांनी तुला जावई करून घेतलं ते कुठे सांगितलं होतं?"

आठवलं. गाडीच्या खिडकीशी. टपावर हात ठेवून.

"परत जा," मॅरिट म्हणाली.

"आता कोण असणार आहे तिथे? सगळे घरी गेले असतील!"

"घरी? एवढ्यात? वेडा आहेस का? अजून जॅकेटसुद्धा घातली नसतील."

गाडी वळवली. तुम्हाला सांगतो, मला एका पैशाची आशा नव्हती. पोचलो, आणि बघतो तर काय... अख्खी तुकडी वाहनतळावर! नाकं लाल, तोंडातून वाफा, बर्फात पाय आपटतायत, आणि निरोप घेतायत! कोणी गाडीचं दार अर्धं उघडून उभा, कोणी इंजिन चालू करून पुन्हा खाली उतरलेला, टॉड गाडीत बसलाय आणि त्याच्या टपावर कर्नलचा हात. मी गेल्याचा कोणाला पत्ताच नाही! डार्लीनबाई म्हणाल्या, "बरं झालं आलास, वडीचा डबा न्यायचा का? धुतलाय." मी पुन्हा गाडीतून उतरलो, पुन्हा निघालो, पुन्हा थांबलो, हवापाण्यावर बोललो, रस्त्यावर हरणं येतात ती सांभाळ हे ऐकून घेतलं, पुन्हा गाडीत बसलो, चावी फिरवली, आणि देवाचं नाव घेऊन काच खाली केली.

कर्नल आला. टपावर हात ठेवला. दूर कुठेतरी बघितलं. "तर," तो म्हणाला. "बोललो आम्ही."

"हं," मी म्हटलं. नुसतं "हं"! शिकलो मी!

"उन्हाळ्यात काय झालं," कर्नल सांगायला लागला, "आमची दोन विमानं. एकाच चौकात आली, जमिनीवर. एकात मी, एकात टॉड. मी म्हटलं, तू जा आधी. तो म्हणाला, छे छे, तुम्ही. मी म्हटलं, नाही नाही, तू आलास आधी. तो म्हणाला, मला काही घाई नाही..." कर्नलने सुस्कारा टाकला. "मागे सगळी खोळंबली. शेवटी टॉवरवाला रडायच्या घाईला आला."

मी गप्प. खरंच गप्प! आयुष्यात पहिल्यांदा!

डार्लीनबाई खिडकीशी वाकल्या. "मला बाई बघवत नाही रे ती एवढीशी सुपारी डब्यात वाळताना. दर महिन्याला वाळते. पण घेणार कशी? तू आपली उचललीस आणि खाल्लीस. मी तिथेच म्हटलं, असा एक तरी हवा आपल्यात."

"मग... मला घेतलं?" मी विचारलं.

कर्नलने टप दोनदा थोपटला. "वाईट नाही होणार, असं वाटतं."

आता मला सांगा, माणसाने गप्प बसावं की नाही? झालं ना काम? पण मला राहवेना. म्हटलं, "सर, पण माझे तास? वाळवंटातलं ते उतरणं? पेटलेलं इंजिन? त्याचं काही...?" कर्नल माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी त्याच्याकडे उधारी मागितली. "त्याचं काय?" तो म्हणाला. "उडवता येतंच की सगळ्यांना."

उडवता येतंच की सगळ्यांना! आणि संताप कशाचा येतो सांगू? येतं! खरंच येतं! मी उडतोय आता त्यांच्याबरोबर. तो दातांचा डॉक्टर, ओल्या बर्फात, वारा आडवा असताना, विमान असं टेकवतो की मागे डार्लीनबाईंच्या कपातली कॉफी हलत नाही. मी "कसं केलंस?" विचारलं तर म्हणतो, "नशीब." जळफळाट होतो हो माझा! त्या दिवशी गाडीत डोळ्यांत पाणी आलं माझ्या, थंडीने, थंडीने आलं, पण आलं. घरी पोचलो तर मॅरिट दारातच उभी. मी म्हटलं, "वाईट नाही होणार म्हणाले." ती माझ्या कोटात तोंड खुपसून कितीतरी वेळ उभी राहिली.

पण माझी आता काय दशा झालीय ती ऐका! दर महिन्याला, जेवणं झाली, की सगळी भांडी माझ्यासमोर येतात. प्रत्येकात सुपारीएवढं काहीतरी. वडी, केक, हॉटडिशमधला तो एकटा बटाटा, वाळलेलं सँडविच... "डेल, तेवढं बघतोस ना?" ओळखपत्रावर लिहिलंय वैमानिक, आणि काम? खरकटं उरकायचं! उडायच्या सूटची चेन छातीपर्यंत येते आणि तिथे थांबते. बातमी गावात पसरली. शाळेत पालकांची सभा, मला बोलावणं. शेजारी वाढदिवस, मला बोलावणं. माणसं मला वाकून नमस्कार करत नाहीत एवढंच!

आणि परवा तर हद्द झाली. चर्चमध्ये लुटफिस्कचं जेवण. लुटफिस्क म्हणजे मासा, पण कसला मासा? कपडे धुवायच्या खाराच्या पाण्यात दिवसेंदिवस भिजवलेला! ताटात ठेवला की थरथरतो, वास असा की मेणबत्ती विझावी. सगळा गाव जेवला. आणि शेवटी मोठ्या ताटात एक तुकडा उरला. थरथरतोय. कोणी सुरी उचलेना, कापला तर पसरेल म्हणून! मी खाली मान घालून बसलो, म्हटलं, आज नाही, आज मेलो तरी नाही. आणि माझे सासरे, आर्विड, ज्यांनी इतक्या वर्षांत मला "ये", "बस" आणि "वेगळंच आहे" याखेरीज शब्द दिला नाही, ते उठले. दोन्ही हातांनी ते ताट उचललं, सगळ्या गावासमोर माझ्यापुढे आणून ठेवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे. आमचा डेल खाईल."

आमचा म्हणाले हो! आमचा! आता एवढं म्हटल्यावर काय करता?... डोळे मिटले आणि गिळला.